मातीची ओल मोजणारा सेन्सर घेतलास ना, मग आकड्याच्या आधी माती बघ

दोन दांड्यांवाला स्वस्त सेन्सर असेल तर तो कायमचा मातीत खोचून ठेवू नको, वीज चालू राहिली की दांड्या गंजतात आणि मग आकडे काहीही येतात, शिवाय किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तो आहे त्यापेक्षा जास्त ओल दाखवतो. त्यापेक्षा कपॅसिटिव्हवालाच (उघड्या धातूच्या दांड्या नसलेला, चपट्या पट्टीचा) घे, फक्त पट्टीवरच्या रेषेपर्यंतच खोच, वरच्या सर्किटवर पाणी नको.

आणि आपल्या गोव्यातली जांभ्याची खडेवाली माती, त्यात सेन्सरच्या बाजूला जरा पोकळी राहिली की ओल असूनही कोरडं दाखवणार, म्हणून बोटांनी माती नीट दाबून बसव, खडा लागला तर जोर न लावता जागा बदल. मग एकदा सुक्या मातीत आणि एकदा भरपूर पाणी घालून निथळल्यावर आकडा लिहून ठेव, कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) वेगळा, बागेतल्या मातीचा वेगळा, ते कधीच जुळत नाहीत.

अबोलीला वरची माती सुकली की पाणी दे, कोरफडीला पूर्ण सुकल्यावरच.

पावसाळ्यात तर सेन्सर जास्तच कामाचा, माझ्या मते. पाऊस उघडून दोन-तीन दिवस झाले तरी आकडा सुक्या मातीच्या आकड्याकडे सरकत नसेल तर कुंडीचं भोक तुंबलंय का बघ, तुंबलं असेल तर लगेच काडीने मोकळं कर, मुळं कुजायची वाट बघू नको.