पेटंटवर नाव कुणाचं, सातबाऱ्यावर कुणाचं

तू लिहिलंस की अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर सेन्सर बनवणाऱ्या कंपनीत आहेस, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, शेतीसाठी स्वतःचं काही सुरू करावं वाटतंय, आणि गावाकडं भावकी म्हणतेय, हा आता तिकडचाच झाला.

बाबा, हे परकेपण अमेरिकेत सुरू झालेलं नाही. आपण मराठवाड्यातली पोरं आधी पुण्यात परकी होतो. 'करायलोय, जायलोय' म्हटलं की होस्टेलवर खसखस पिकायची. तिथं लागलेली गप्प बसायची सवय पुढं विमानातही सोबत येते. पण निम्मी भीती कागदाची असते. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवी कंपनी, दुसरा व्हिसा, नाहीतर सामान बांधा. असं असताना मॅनेजरला 'हे चुकतंय' कोण म्हणणार? म्हणून आधी आय-१४०च्या, म्हणजे कंपनीनं तुझ्या ग्रीन कार्डासाठी करायच्या अर्जाच्या, मागं लाग. ते मंजूर होऊन १८० दिवस उलटले की कंपनीनं मागं घेतलं तरी एच-१बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळू शकते. ग्रीन कार्डाची रांग आपल्या हयातीत सरो न सरो, आवाज तरी सुटतो.

आणि बोलायचं काय? आमच्या कंपनीत एकदा जमिनीतली ओल मोजायच्या सेन्सरवर चर्चा चालली होती. चाचण्या सगळ्या रेताड जमिनीतल्या. मी म्हटलं, आमची परभणीकडची काळी जमीन वाळताना आकसते, भेगाळते. सेन्सरचा दांडा मातीपासून सुटतो, मधे हवा शिरते आणि आत ओल असूनही रीडिंग कोरडं येतं. त्या खोलीत कुणी हात जाईल एवढी भेग पाहिलेली नव्हती. पुढच्या चाचणीत काळी चिकण माती आली. 'मी शेतकऱ्याचा मुलगा' हे भाषण तिथं कुणाला नको असतं, हा तपशील हवा असतो.

स्वतःच्या कंपनीचं मात्र जपून. तिच्यातर्फे वेगळा अर्ज रीतसर दाखल झाल्याशिवाय एच-१बीवर तिच्यात काम करता येत नाही. 'शनिवार-रविवारच करतो, पगार घेत नाही' हा बचाव भरवशाचा नाही. पेटंटवर शोधक म्हणून नाव तुझंच लागतं, व्हिसा कुठलाही असो. मालकी बहुतेक वेळा नोकरीच्या करारानं कंपनीकडं जाते. कॅलिफोर्नियात लेबर कोडचं कलम २८७० आहे: स्वतःच्या वेळात, कंपनीचं काहीही न वापरता, तिच्या धंद्याशी संबंध नसलेलं केलंस तर ते तुझं. पण सेन्सर कंपनीत राहून सेन्सरच करणार असशील, तर संबंध नाही असं कुठल्या तोंडानं सांगणार?

भावकीचं म्हणशील तर ग्रीन कार्ड मिळालं तरी तू भारतीय नागरिकच राहतोस. अमेरिकन नागरिकत्व घेतलंस तर भारताचं सुटतं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, काढता येतं. एनआरआय असो की ओसीआय, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली मात्र ठेवता येते. तेव्हा 'तिकडचा झालास, नाव कमी कर' म्हणत कुणी हक्कसोडपत्र पुढं केलं, तर सही करायच्या आधी स्वतःच्या वकिलाला दाखव. चुलत्यानं आणलेल्या वकिलाला नव्हे.