‘सत्यघटनेवर आधारित’ म्हणजे किती खरं?

प्रश्न: युद्धावरच्या मिनीसिरीज बघताना त्यातलं खरं किती मानायचं हो?

उत्तर: सांगाडा खरा, संवाद बहुतेक रचलेले, असं धरून चाला. २००१ ची ‘बँड ऑफ ब्रदर्स’च घ्या ना, १० भाग, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न (पॅराशूटने उतरणाऱ्या) डिव्हिजनची ईझी कंपनी नावाची तुकडी, मध्ये मध्ये खरे म्हातारे सैनिक येऊन बोलतात आणि त्यांची नावं कळतात थेट शेवटच्या भागात, हे तर भारीच जमलंय. पण त्यातच ब्लाइथ नावाचा सैनिक जखमेतून सावरलाच नाही, १९४८ ला गेला अशी पाटी येते, प्रत्यक्षात तो पुढे सैन्यातच राहिला आणि वारला १९६७ ला! सोबत्यांचाच तसा समज होता, मग काय करणार. त्यामुळे लढाया बिनधास्त बघा, शेवटच्या पाट्या तेवढ्या तपासून घ्या.