जुन्या शेवरोलेची बॉडी बोलेरोच्या चेसीवर बसते का?

बसते, भाऊ. तुम्ही विचारलं की आजोबांची १९४७ ची शेवरोले फ्लीटमास्टर कोठ्यात उभी आहे, इंजिन जाम आहे, चेसीला (बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याला) गंज आहे, तर तिची बॉडी बोलेरोवर चढवता येईल का आणि खर्च किती. पण शेवटी एक ओळ टाकली आहे: "गावचा वेल्डर म्हणतो, चेसी मधून कापून दहा इंच वाढवू, दोन दिवसांचं काम." आधी त्यावरच बोलतो.

वाढवावी लागेल हे खरं. फ्लीटमास्टरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११६ इंच, म्हणजे २९४६ मिमी. बोलेरोचा २६८०. फरक २६६ मिमी. पुढचं चाक फेंडरच्या मधोमध ठेवलं तर मागचं तेवढंच पुढे सरकतं.

पण ट्रॉलीची साटी जोडणं वेगळं आणि चेसी जोडणं वेगळं. सरळ आडवा काप, मध्ये तुकडा, चारही बाजूंनी भरलेलं वेल्डिंग आणि वरून ग्राइंडरने गुळगुळीत, अशी जोडलेली एक गाडी पाहिली आहे. आठ महिन्यांत सीटखाली तडा. जोड शाबूत होता, तडा जोडाला लागून दोन-तीन मिमीवर. तो तिथेच जातो, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतच्या पत्र्याचा गुण बदलतो आणि सरळ कापामुळे सगळा ताण त्याच रेषेवर येतो. त्यात आपले रस्ते काळ्या मातीवरचे. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, रस्त्याला लाटा येतात. चेसीला दर पन्नास फुटांवर एकदा डावा, एकदा उजवा पीळ बसतो.

बरोबर पद्धत अशी. काप पायरीचा घ्या: वरची पट्टी एका जागी कापा, खालची १५० मिमी सरकवून, मधली उभी बाजू तिरकी. डाव्या-उजव्या बाजूचे काप एकासमोर एक नकोत. जागा सरळ भागात, स्प्रिंगचं हँगर (स्प्रिंग अडकते तो कंस), क्रॉस मेंबर (आडवा दांडा) आणि बॉडी माउंट (बॉडी बोल्टने बसते ती जागा) यांच्यापासून दूर. पोकळीच्या आत चेसीइतक्याच जाडीची पट्टी घट्ट बसवून प्लग वेल्ड करा, म्हणजे बाहेरच्या भोकांतून वेल्डिंग भरा. बाहेरून फिशप्लेट, म्हणजे जोडावरची आधाराची पट्टी, तिची टोकं शंकरपाळ्यासारखी निमुळती. टोकावर उभं वेल्डिंग नाही, वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग तर अजिबात नाही. जोड घासून सपाट करू नका.

वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा. ग्रिलवाले वापरतात तो ६०१३ इथे चालत नाही. ७०१८ पावसाळ्यात ओल धरतो आणि त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डिंगमध्ये जाऊन नंतर तडे पाडतो. उन्हात ठेवून तो सुकत नाही, ओव्हनमध्ये ३०० अंशांवर दोन तास लागतात. वेल्डरला विचारा, ओव्हन आहे का? नसेल तर त्याच्याकडे चेसी नेऊ नका. काहून की या जोडावर तुमच्या घरची माणसं बसणार आहेत.

चेसी वाढली की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा), ब्रेक पाइप, हँडब्रेकची केबल, वायरिंग सगळंच वाढतं. शाफ्ट बॅलन्स करूनच लावा, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा कोन समांतर ठेवा.

बॉडी उचलण्याआधी दारं लावलेली असतानाच आतून चौकोनी पाइपच्या फुल्या टाका. नाहीतर उचलताना बॉडी वाकते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. स्टिअरिंगला मधला शाफ्ट दोन युनिव्हर्सल जॉइंटचा, प्रत्येकाचा कोन ३० अंशांच्या आत. बोलेरोचे लटकते पेडल फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) येणार, तिथे आतून ३ मिमी पत्रा हवा. जुनी वायरिंग ६ व्होल्टची, ती पूर्ण काढा. रेडिएटर बोलेरोचाच, श्राउडसकट (पंख्याभोवतीच्या आवरणासकट). शेवरोलेची जाळी अरुंद आहे आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो.

फक्त इंजिन बदलू असंही कोणी सुचवेल. या गाडीला टॉर्क ट्यूब आहे, मागच्या अ‍ॅक्सलचा जोर त्या नळीतून पुढे येतो. नव्या इंजिनाबरोबर गिअरबॉक्स बदलला की मागचा अ‍ॅक्सलही बदलावा लागतो. खर्चाचा आकडा गाडी न पाहता सांगणार नाही, पण चेसीपेक्षा पत्राकाम आणि वायरिंग जास्त खातं.

कागदांचं आधी सांगायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा (जुन्या, व्हिंटेज गाड्यांचा) नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. बोलेरोवर चढवली की तो नंबर गेला. रस्त्यावर आणायची असेल तर कापण्याआधी आरटीओत लेखी विचारा.

माझं मत विचाराल तर आधी मूळ चेसी तपासा. वायर ब्रशने घासून फुटाफुटावर हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आला तर तिथे गंज आतपर्यंत गेला आहे. बहुतेक वेळा मागच्या स्प्रिंगच्या आसपासचा दोन-अडीच फुटांचा तुकडाच गेलेला असतो. तेवढाच बदला, जोड वर सांगितला तसाच, फक्त हँगरपासून दूर.