वाचकांचे प्रश्न : निर्बंध उठले, मग विमानं का अडली?

इराणने अणुकार्यक्रमावर मर्यादा घालायच्या आणि बदल्यात त्याच्यावरचे निर्बंध उठवायचे, अशा अणुकराराची अंमलबजावणी १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली आणि त्या देशाला नवी प्रवासी विमानं विकण्याचा रस्ता मोकळा झाला. मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, ऑगस्टमध्ये तो रस्ता पुन्हा बंद झाला. या अडीच वर्षांच्या व्यवहाराबद्दल आलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : एअरबस युरोपची कंपनी. तिने अमेरिकेकडे परवाना का मागायचा?

कंपनी कुठली, याला इथे फारसं महत्त्व नाही. विमानात अमेरिकी माल किती, हे बघितलं जातं. अमेरिकी निर्यात नियमांत बहुतेक देशांसाठी ही मर्यादा मूल्याच्या २५ टक्के आहे, इराणसाठी ती १० टक्के. मोठं प्रवासी विमान या १० टक्क्यांच्या आत बसवणं जवळजवळ अशक्य. इंजिन, सहायक वीजसंच, कॉकपिटमधली उपकरणं, चाकं-ब्रेक यांत अमेरिकी पुरवठादार असतातच. एटीआर ७२-६०० हे फ्रेंच-इटालियन कंपनीचं पंख्याचं छोटं विमान. त्याला कॅनडात बनलेलं प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन, तरी तेही या नियमातून सुटलं नाही.

आणखी एक गैरसमज पत्रांतून दिसला : तिसऱ्या देशातून जुनं विमान घेतलं की परवाना लागत नाही. लागतो. त्याला पुनर्निर्यात म्हणतात आणि नियम तोच. मधल्या दलालाने कागदावर दुसराच ग्राहक दाखवला, तर तो गुन्हा ठरतो.

प्रश्न : कराराची अंमलबजावणी जानेवारी २०१६ ची, पहिलं विमान जानेवारी २०१७ ला. वर्ष कुठे गेलं?

निर्बंध उठले म्हणजे परवाना मिळाला, असं नसतं. अमेरिकी अर्थखात्याच्या, निर्बंध राबवणाऱ्या 'ओफॅक' या कार्यालयाने सुरुवातीला एवढंच जाहीर केलं, की प्रवासी विमानांच्या अर्जांचा प्रकरणागणिक अनुकूल विचार करू. मार्च २०१६ मध्ये एक सर्वसाधारण परवाना आला. त्याने वाटाघाटी करायची आणि करारावर सही करायची मुभा दिली, पण अट अशी, की स्वतंत्र परवाना हातात पडेपर्यंत कराराची अंमलबजावणी करायची नाही. ते स्वतंत्र परवाने सप्टेंबर २०१६ मध्ये सुटू लागले. डिसेंबरात इराण एअरने बोइंगकडून ८० आणि एअरबसकडून १०० विमानांचे करार केले. ११ जानेवारी २०१७ ला एअरबसचं पहिलं ए३२१ फ्रान्समधल्या तूलूझमध्ये इराण एअरच्या ताब्यात आलं.

सहीनंतर तीन आठवड्यांत विमान? ते आधी दुसऱ्या कंपनीसाठी बांधलेलं होतं. कारखान्याच्या उत्पादनाच्या रांगेत नवी जागा धरायची तर काही वर्षं थांबावं लागतं. दार किती दिवस उघडं राहील याची खात्री नसताना तयार विमान उचलणं शहाणपणाचं होतं. बोइंगच्या ८० पैकी तर एकही विमान इराणला पोचलं नाही.

अर्जात अडखळायला होतं ते 'अंतिम वापरकर्ता' या रकान्यात. विमान कोण उडवणार एवढं लिहून भागत नाही. देखभाल कोण करणार, हँगर कोणाचं, जमिनीवरची सेवा कोणाची, हे सगळं तपासलं जातं. माहान एअर ही इराणी कंपनी २०११ पासून अमेरिकेच्या काळ्या यादीत होती आणि अणुकरारानंतरही तिथेच राहिली. कुठल्याही विमानतळावर शेजारच्या कंपनीचं विमान एका व्हॉल्व्हसाठी अडलं तर आपल्या भांडारातून तो उसना देतात, आठवड्याने परत घेतात. इथे तसा एक व्हॉल्व्ह माहानला दिला, तर संपूर्ण ताफ्याचा परवाना धोक्यात. भांडारपालाला हे लेखी सांगून ठेवावं. वकिलाला माहीत असून उपयोग नाही.

प्रश्न : पैसे कसे दिले जातात? डॉलर चालतात का?

अमेरिकी बँकेतून इराणी व्यवहाराचे डॉलर वळवायला २००८ पासून बंदी होती आणि अणुकरारानेही ती उठवली नाही. म्हणून युरोचा आधार. तरी मोठ्या युरोपीय बँका हात घालायला तयार नव्हत्या. २०१४ मध्ये बीएनपी पारिबाला निर्बंधभंगापायी जवळपास ९ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला होता, तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. परवाना विमानाचा असला तरी बँकेची भीती त्याने जात नाही. क्रम उलटा ठेवावा : आधी बँकेचं लेखी होकारपत्र, मग आगाऊ हप्त्याची तारीख. हप्ते तिऱ्हाईत खात्यात राहावेत आणि परवाना रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत, कोणत्या चलनात परत मिळणार, हे करारातच लिहिलेलं असावं.

प्रश्न : बोइंगचा करार १६.६ अब्ज डॉलरचा, असं छापून आलं होतं. खरंच एवढे?

ती कंपनीच्या दरपत्रकातली छापील किंमत. मोठ्या ग्राहकाला भरघोस सूट मिळते. प्रत्यक्ष रक्कम निम्म्याच्या आसपास असल्याचं इराणी बाजूने तेव्हाच सांगितलं गेलं होतं.

प्रश्न : नवी विमानं येईपर्यंत जुना ताफा दुरुस्त करता येत नाही का?

येतो, पण अडचण सुट्या भागांची कमी आणि त्यांच्या कागदांची जास्त असते. निर्बंधाच्या काळात भाग वळणावळणाने येतात. भाग अस्सल असेलही, त्याच्या मागचं प्रमाणपत्र मात्र तुटलेलं असतं.

इंजिनातली टर्बाइन डिस्क घ्या. तिचं आयुष्य सायकलींत मोजतात : एक उड्डाण, एक सायकल. समजा २०,००० सायकलींची मर्यादा आहे आणि नोंदी ११,००० दाखवतात, पण मधली तीन वर्षं ती कुठल्या इंजिनात होती याचा पुरावा नाही. मग ती डिस्क भंगारात. धातू उत्तम असला, तडा दिसत नसला तरीही. जन्मापासूनच्या नोंदींत खंड पडला, की उरलेलं आयुष्य शून्य धरतात, कारण डिस्क फुटली तर इंजिनाचं आवरण तिला अडवू शकत नाही.

म्हणून व्यापार उघडल्यावर पहिलं काम भांडारात. प्रत्येक भाग तीन ढिगांपैकी एकात टाकायचा. पहिल्यात युरोपीय 'फॉर्म वन' किंवा अमेरिकी '८१३०-३' हे भाग वापरायोग्य असल्याचं प्रमाणपत्र असलेले. दुसऱ्यात कागद नसलेले, पण आयुष्यमर्यादा नसलेले : पंप, ॲक्च्युएटर, व्हॉल्व्ह वगैरे. हे मान्यताप्राप्त कार्यशाळेत उघडून, तपासून पुन्हा प्रमाणित होऊ शकतात. तिसऱ्यात आयुष्यमर्यादा असलेले, पण नोंदी तुटलेले. हा तिसरा ढीग कापून निकामी करायचा. नुसती लाल चिठ्ठी लावून ठेवला, की टंचाईच्या दिवशी कोणीतरी त्यातलाच भाग उचलतो.

दुसरी चूक : परवान्यात भाग मागवले, सेवा विसरल्या. दिशादर्शनाचा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो. देखभालीची पुस्तकं, उत्पादकाच्या सुधारणा-सूचना, वैमानिकांसाठी सिम्युलेटर यांचाही परवान्यात उल्लेख हवा. जुन्या पुस्तकाप्रमाणे केलेलं काम कागदोपत्री झालेलंच नसतं.

प्रश्न : निर्बंध परत आले तर अर्धवट ऑर्डरचं काय होतं?

इराणचंच उदाहरण पुरेसं आहे. ८ मे २०१८ च्या घोषणेनंतर विमानव्यवहार गुंडाळायला ९० दिवस मिळाले, मुदत ६ ऑगस्ट. एटीआरने ५ ऑगस्टला पाच विमानं पोचती केली. तिच्याकडे मागवलेल्या २० पैकी १३ गेली, सात राहिली. एअरबसची तीनच पोचली होती.

ताब्यात आलेलं विमान परत जात नाही, त्याचा पुरवठा थांबतो. म्हणून पहिल्या विमानाबरोबरच दोन वर्षांचे सुटे भाग, एखादं जादा इंजिन आणि देखभालीची अवजारं मागवून ठेवावीत. भांडवल अडकतं हे खरं, पण सुटा भाग हाताशी नसला तर विमानच अडकतं. डिसेंबर २०१८ मध्ये नॉर्वेजियन कंपनीचं ७३७ मॅक्स इंजिनातल्या बिघाडामुळे शिराझला उतरलं, ते फेब्रुवारी २०१९ पर्यंत तिथेच उभं होतं. सुटे भाग पाठवण्यात निर्बंध आडवे आले. ते तर परक्या कंपनीचं, नुसतं वाटेत उतरलेलं विमान होतं.