डोस वाढवण्याआधी बाळाकडे बघ

व्हेंटिलेटरवरचं मूल हातपाय झाडायला लागलं की लगेच मिडाझोलाम (गुंगीचं औषध) वाढवू नकोस. आधी सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), श्वासाच्या ट्यूबची जागा, साठलेला कफ, तुंबलेली लघवी बघ. सलाइनच्या पट्टीखाली हात सुजलेला असतो आणि आपण मॉनिटरकडे बघत बसतो! दुखत असेल तर वेदनाशामकच हवं. मिडाझोलामने झोप येते, दुखणं थांबत नाही. आईला जवळ बसू दे, बोलू दे, फरक पडतो. कम्फर्ट-बी स्कोअर (मूल किती शांत की अस्वस्थ, ते हालचाली-वागण्यावरून मोजणारा) काढताना पूर्ण 2 मिनिटं निरखायचं, अंदाजपंचे आकडा नको. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर मात्र हा स्कोअर निरुपयोगी. तिथे वाढलेले ठोके, बीपी, डोळ्यांतलं पाणी यांवरच भिस्त. फेंटानिल (अफूच्या गटातलं तीव्र वेदनाशामक) बरेच दिवस चाललं असेल तर एकदम तोडू नकोस, हळूहळू उतरव. उतरवताना घाम, जुलाब, थरथर दिसली तर सीनियरना लगेच सांग.