साडेचारशे ग्रॅमचा हिशेब

प्रश्न: माझ्या रोड बाईकच्या मूळ चाकांच्या जोडीचे वजन १,९०० ग्रॅम असून ब्रेक रिमवर (चाकाच्या बाहेरच्या कड्यावर) लागणारे आहेत. माझे वजन ८२ किलो आहे आणि चढावर मी सोबत्यांच्या मागे पडतो. १,४५० ग्रॅमची कार्बनची चाके घेतल्यास फरक पडेल का? चाकातला एक ग्रॅम सांगाड्यातल्या दोन ग्रॅमच्या बरोबरीचा असतो, असे सोबती सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर: सोबत्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे आणि आपल्याला ज्या चढाची चिंता आहे तिथे ते जवळपास लागू पडत नाही. वेग वाढवताना चाकाच्या कडेचे वस्तुमान पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते, म्हणून तेवढ्यापुरते रिम, टायर व ट्यूब यांचे वजन जवळजवळ दुप्पट भरते. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, आसापाशीच असल्याने त्याचे तसे होत नाही. एकसारख्या गतीने चढताना मात्र ग्रॅम चाकातला असो वा सांगाड्यातला, तो उचलण्याचे श्रम सारखेच. आपण, सायकल, पाणी व कपडे मिळून ९३ किलो धरले, तर ४५० ग्रॅमची बचत अर्ध्या टक्क्याहून किंचित कमी होते, म्हणजे तासाभराच्या चढावर फार तर १७ सेकंद. सोबती याहून पुढे निघून जात असतील, तर चाकांना बोल लावता येणार नाही. हलके चाक चपळ वाटते, हे मात्र मी नाकारत नाही, आणि त्या सुखासाठी खर्च करण्यात गैर काही नाही.

तरीही रिम-ब्रेकच्या सायकलीला कार्बनची रिम मी सुचवणार नाही. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास ती फार तापते, पावसात पकड उशिरा येते, आणि तिला वेगळे ब्रेक-पॅड लागतात. ॲल्युमिनियमवर वापरलेले पॅड तिच्यावर लावू नयेत, कारण त्यांत रुतलेले धातूचे कण रिम खरवडतात. त्यापेक्षा १,५५० ग्रॅमच्या आसपासची ॲल्युमिनियमची जोडी, पुढे २४ व मागे २८ स्पोकची, आपल्या वजनाला अधिक शोभेल. स्पोक मधल्या भागात बारीक केलेले असावेत. ते बहुधा हबजवळच्या वाकणात तुटतात, त्यामुळे मध्ये धातू कमी केल्याने ताकद घटत नाही आणि वजन वाचते. उत्पादकाने ठरवलेली वजनमर्यादाही अवश्य पाहावी.

खरे तर त्याआधी टायर बदलून पाहावेत. जाड, कडक टायरऐवजी लवचीक आणि कमी घर्षणाचे टायर घातल्यास होणारा फायदा चढावर आणि सपाटीवर दोन्हीकडे जाणवतो, आणि अनेकदा तो चाकांच्या वजनातून मिळणाऱ्या फायद्याहून मोठा असतो. नेहमीची ब्यूटिल रबराची ट्यूब सुमारे १०० ग्रॅमची असते. हलकी घेतल्यास कडेवरचेच वजन कमी होते, मात्र ती रिम-ब्रेकला चालते का, हे वेष्टनावर वाचून घ्यावे.

नवी चाके घेतलीच, तर मागच्या हबची रुंदी (रिम-ब्रेकच्या रोड बाईकला सहसा १३० मिलिमीटर) आणि फ्रीहब (मागच्या हबचा दातेरी चक्रे बसवण्याचा भाग) आपल्या कॅसेटला, म्हणजे त्या चक्रांच्या संचाला, जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी तपासावे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर स्पोक थोडे सैल पडतात, तेव्हा जाणत्या कारागिराकडून चाकाचा आऊट (फिरतानाचा वाकडेपणा) काढून घ्यावा.