ओठ हलव, आवाज काढू नकोस

गेल्या अंकातल्या समूहगानाच्या लेखावर आलेली पत्रं बहुतेक शाळेत मुलांकडून गाऊन घेणाऱ्यांची आणि चर्चमध्ये क्वायर सांभाळणाऱ्यांची आहेत. त्यातली पाच इथे घेते. पहिल्या पत्राला मी जास्त जागा देणार आहे, कारण तो प्रश्न माझ्या स्वतःच्या आयुष्यातून गेलेला आहे.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. ४२ मुलांचा गायनगट आहे. त्यातली चार मुलं एकाच खालच्या सुरात घुमत राहतात आणि शेजारच्यांनाही ओढून नेतात. कार्यक्रम महिन्यावर आलाय. ‘त्यांना नुसते ओठ हलवायला सांगा,’ असं सहकारी म्हणतात. काय करू?

सांगू नका. मी नऊ वर्षांची असताना हेच वाक्य मला ऐकवलं गेलं. तालमीत बाई रांगेतून कान देत फिरत होत्या. माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘तू ओठ हलव, आवाज काढू नकोस.’ बोलण्यात राग अजिबात नव्हता, म्हणून ते अधिकच आत रुतलं. पुढची सात वर्षं मी चारचौघांत गायले नाही. मग एका चर्चच्या क्वायरमधल्या वयस्कर बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. ‘तुला येईल तो सूर काढ,’ म्हणाल्या. मी काढला. त्यांनी तोच सूर धरला आणि तिथून एकेक पायरी मला वर नेलं. फार तर वीस मिनिटं लागली असतील. आज मी क्वायर घेते ती त्या वीस मिनिटांमुळे.

तुमच्या चार मुलांचे कान वाईट आहेत असं धरून चालू नका. अशी बहुतेक मुलं बोलण्याच्या आवाजातच गात असतात. वर जायला आपल्याकडे दुसरा, हलका आवाज आहे, याचा त्यांना अजून पत्ता लागलेला नसतो. तो शोधून द्या. वारा घोंगावतो तसा ‘ऊऽऽ’ खालून वर, वरून खाली न्यायला लावा. हातातला चेंडू उंच फेकल्याचा अभिनय करू दे, आणि चेंडूबरोबर आवाजही वर जाऊ दे. यात सूर चुकण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून मुलं घाबरत नाहीत.

मग एकेकाला पाच-पाच मिनिटं बाजूला घ्या. इथे आपण नेहमी उलटं करतो. आपण सूर देतो आणि मुलाने तो पकडावा अशी अपेक्षा धरतो. त्याऐवजी मुलाला त्याचा सूर काढू द्या आणि तुम्ही त्यात मिसळा. दोन आवाज एक झाले की कानात, छातीत काय होतं, ते त्या मुलाने कदाचित कधी अनुभवलेलंच नसेल. एकदा ते कळलं की एक स्वर वर, मग आणखी एक. पेटीच्या सुरापेक्षा माणसाचा आवाज पकडणं सोपं असतं, आणि सगळ्यांत सोपा दुसऱ्या मुलाचा. पुरुष शिक्षक गाऊन दाखवतात तेव्हा सूर एक सप्तक खाली असतो आणि काही मुलं तिथे पोहोचायला धडपडतात. अशा वेळी एखाद्या सुरेल मुलीला गाऊन दाखवायला सांगावं.

एक गोष्ट आजच तपासा : गाण्याची पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कुठल्या सुरावर धरलाय ते. ती बहुधा शिकवणाऱ्याच्या गळ्याला सोयीची असते. प्राथमिकच्या मुलांचा गळा साधारणपणे पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून (दुसरी पांढरी कळ, म्हणजे पाश्चात्त्य ‘डी’) वरच्या पांढरी दोनपर्यंत मोकळा असतो. गाणं त्याच्या खाली रेंगाळत असेल तर मुलं आपसूक बोलण्याच्या आवाजात उतरतात. पट्टी चढवल्यावर चारांतली एक-दोन मुलं तिथल्या तिथे सुरात आलेली मी पाहिली आहेत.

त्यांना कोपऱ्यात उभं करू नका. पहिल्या रांगेत, पक्क्या सुराच्या मुलांच्या पुढे उभं करा, म्हणजे मागून सूर कानावर पडत राहील. आणि हातात खंजिरी देऊन प्रश्न मिटवू नका. खंजिरी का मिळाली ते मुलाला बरोबर कळतं. महिन्याभरात चारांतली दोन अजून डळमळत असतील, तर ध्रुवपदाखाली धरायला त्यांना एकटा ‘सा’ द्या. तोही त्या दिवशी थोडा हलला, तर हलू दे. ४२ आवाजांत तो सामावतो.

प्रश्न : क्वायर गात असताना मीही सोबत गाते. नाही गायले तर सगळे विस्कटतात. हे बरोबर आहे का?

शिकवताना गा, गाऊन घेताना गप्प राहा. स्वतःच्या आवाजाआडून तुम्हाला त्यांच्या चुका ऐकू येत नाहीत, आणि त्यांना तुमच्या आवाजाची काठी लागते. ते विस्कटतात, कारण सुरुवात कुठे करायची हे तुमच्या गळ्यावरून ठरतंय. ती खूण हाताने आणि श्वासाने द्या. गाण्याच्या लयीतच एक मात्रा आधी हात उचला आणि त्याबरोबर तुम्हीही त्यांना दिसेल असा श्वास घ्या. सगळे तुमच्याबरोबर श्वास घेतील आणि एकत्र सुरू होतील. पहिल्या दोन-तीन तालमी जड जातील.

प्रश्न : आमच्या क्वायरमधल्या १३ वर्षांच्या मुलाचा आवाज सर्वांत उंच होता. दोन महिन्यांपासून तो मध्येच चिरकतो. घरचे म्हणतात, आवाज फुटलाय, बसेपर्यंत गाणं बंद. तो तालमीला येऊन मागे बसून राहतो.

‘फुटला’ हा शब्दच आपण टाकून द्यायला हवा. भांडं फुटतं, ते पुन्हा जुळत नाही. या मुलाचा आवाज वाढतोय. स्वरयंत्र मोठं होतंय, आतल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढतेय, आणि हे पूर्ण होईल तेव्हा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली आलेला असेल. काहींना काही महिने लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. रोज नवं वाद्य हातात यावं तशी त्याची अवस्था आहे.

पुढे मोठा संगीतकार झालेला योसेफ हायडन लहानपणी व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये गात असे. १७४९ साली, सतराव्या वर्षी, आवाज उतरल्यावर त्याला तिथून निघावं लागलं. तेव्हा वरच्या सुरासाठीच मुलं ठेवली जात. सूर गेला की जागाही जायची. तुमच्या क्वायरला तसं वागायचं काही कारण नाही.

त्याला मागच्या बाकावरून उठवा. दर आठवड्याला दोन मिनिटं काढून, ताण न देता त्याचा सर्वांत खालचा आणि वरचा सूर कोणता, ते वहीत लिहून ठेवा. सध्या कदाचित पाच-सहा स्वरच भरवशाचे असतील. तेवढ्याच स्वरांत बसेल अशी साधी ओळ त्याच्यासाठी लिहा. वरचा सूर आला की तिथे गप्प राहण्याची मुभा द्या. जुना उंच सूर जोर लावून काढायला लावू नका, आणि पुरुषांत माणसं कमी आहेत म्हणून त्याला घाईने बासमध्येही, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजातही, ढकलू नका. हलक्या आवाजात गात राहिलं तर गळा बिघडत नाही. घोगरेपणा दोन-तीन आठवडे सलग टिकला, किंवा गाताना दुखलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

हे सगळं त्याच्याशी एकट्याशी बोला. आणि ११-१२ वर्षांच्या बाकीच्या मुलांनाही पुढे काय होणार आहे ते आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्यांदा आवाज चिरकला की कोणी लाजून पळणार नाही. या वयात मुलींच्या आवाजातही हवा मिसळते, सूर पातळ होतो. ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही आणि मुलींना वाटतं, आपलं गाणं गेलं. त्यांच्याशीही बोला.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये गाणारे ११ जण : आठ बायका, तीन पुरुष. पाळकांना सणाच्या उपासनेसाठी चार आवाजांतलं गाणं हवंय. माणसं फारच कमी आहेत ना?

जर्मनीतल्या लाइपझिगच्या नगरपरिषदेला १७३० मध्ये दिलेल्या निवेदनात तिथल्या चर्चचं संगीत सांभाळणाऱ्या संगीतकार बाखने लिहिलं होतं की, चर्चच्या गायनगटात किमान १२ जण हवेत, प्रत्येक आवाजाचे तीन, म्हणजे कोणी आजारी पडलं तरी निदान दोघं उरतात. चार-चार मिळाले तर आणखी बरं. म्हणजे तुम्ही बाखच्या किमान मागणीला एकानेच कमी आहात. त्याच निवेदनात त्याने हाताखालच्या मुलांची मोजदाद दिली आहे : १७ कामाची, २० अजून तयार न झालेली, १७ निरुपयोगी. त्याची अडचण मला समजते, तरी तो शेवटचा आकडा वाचताना दर वेळी मला रांगेत उभी असलेली नऊ वर्षांची मी आठवते.

पण तीन पुरुषांना टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) आणि बासमध्ये विभागू नका. एकटा पडलेला गाणारा घाबरतो आणि शेजारचा सूर धरतो. सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज), आल्टो (बायकांचा खालचा आवाज) आणि पुरुषांची एकच ओळ, असे तीन आवाज करा. आल्टोत ‘वर जमत नाही’ म्हणून कोणाला पाठवू नका. तिथे सर्वांत पक्क्या कानाच्या बायका हव्यात, कारण त्या ओळीला स्वतःची चाल फारशी नसते. सुरुवातीला सगळ्यांनी सगळ्या ओळी शिकाव्यात. मग अर्ध्यांनी ‘सा’ धरून ठेवावा आणि अर्ध्यांनी चाल गावी. हे स्थिर झालं की दोन ओळी, मग तिसरी. उपासनेत पहिलं कडवं सगळ्यांनी एकसुरात गा. तिसऱ्या कडव्यात तीन आवाज उघडले की ११ जण खूप मोठे वाटतात.

प्रश्न : पेटीशिवाय गायलो की तिसऱ्या कडव्यापर्यंत आमचा सूर खाली उतरतो. उपाय?

आधी पट्टी अर्ध्या स्वराने चढवून पाहा. ऐकायला विचित्र वाटेल, पण कितीतरी क्वायर एवढ्यानेच सावरतात. मग चाल खाली येते त्या जागा ऐका. उतरताना पाऊल गरजेपेक्षा मोठं पडतं, विशेषतः ग आणि नी या स्वरांवर. एकच सूर लागोपाठ येतो तिथेही तो घसरतो, म्हणून दर वेळी तो किंचित वर आहे असं मनात धरून गायला सांगा. तालीम उभ्याने घ्या, खिडक्या उघड्या ठेवा. तुमच्याबरोबर उपासनेला जमलेली मंडळीही गाणार असेल, तर सर्वांत उंच सूर वरच्या पांढरी दोनच्या पुढे जाऊ देऊ नका. अर्धा स्वर चढवल्यावर तिसरं कडवं कुठे उतरलं, ते मला जरूर कळवा. सोबत गाण्याचं सरगम पाठवलंत तर नेमकी जागा सांगता येईल.